चोथ्याचा वास

हे लिहून ठेवायचं नाही असंच अभयनं ठरवलं होतं. मोबाईलवर चार ओळी टाइप करायच्या, वाचायच्या, पुसून टाकायच्या, असं बरेच दिवस चाललं. कारण सांगायचं तर नाकापासून सांगावं लागतं, आणि नाकाचं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यानं 'मी' पुसला आणि तिथं 'अभय' लिहिलं. मग बोटं चालायला लागली. दुसऱ्याचं सांगायला आपलं काय जातंय.

तर अभय. राहायला भीमनगरात, कामाला उस्मानपुऱ्यातल्या एका कॅफेत. मशीनवरची कॉफी बनवतो. कुठल्या क्लासला गेला नाही, मोबाईलवर बघून बघून शिकला. आणि त्याला वास येत नाही. कॉफीचा नाही, कशाचाच नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत तो पडला तेव्हा बारावीला होता. ताप गेला, खोकला गेला. वास गल्लीत सगळ्यांचाच गेला होता, आणि सगळ्यांचा परत आला. अभयचा तेवढा गेला तो गेलाच. जिभेला गोड, कडू, आंबट, खारट एवढं कळतं. बाकी दुकान बंद.

आता असा माणूस कॉफीच्या कामात कशाला येईल? पण अभय त्याच्यासाठीच आला होता. कॅफेचं दार ढकलून माणूस आत येतो तेव्हा आधी त्याचं नाक जरा वर होतं. मग डोळे थोडे मिटतात. मग खांदे खाली येतात. मग तो काउंटरकडं बघतो. अभय मशीनमागं उभा राहून ते रोज बघायचा. हॉटेलच्या काचेबाहेर उपाशी माणूस उभा असतो, तसं. हळूहळू त्यानं तो चेहरा उचलला. नवीन बियांचं पाकीट फोडलं की त्याचंही नाक वर, डोळे थोडे मिटलेले. कुणाला शंका आली नाही.

काम तर तो चोख करायचा. दूध तापताना त्याचा आवाज ऐकायचा. कॉफी काट्यावर तोलायची, घड्याळ लावायचं, रंग बघायचा. लोक म्हणायचे, याच्या हातची कॉफी रोज एकसारखी. असणारच ना. नाक रोज वेगळं सांगतं, काटा सांगत नाही.

हे सगळं एकाच माणसाला माहीत होतं. विशाखाला.

विशाखाच्या घरचे पैठणहून भीमनगरात राहायला आले ते कोविडनंतर. समोरचंच घर. ती शेतकी कॉलेजची. एक दिवस अभय दारात मोबाईल बघत बसला होता. आई, चंपाबाई, बाहेर गेलेली. विशाखा गल्लीतून चालली होती, ती मधेच थांबली, त्याला ढकलून आत शिरली आणि गॅसची शेगडी बंद केली. बटण अर्धवट फिरलेलं राहिलं होतं. तिनं खिडकी उघडली, मागचं दार उघडलं, आणि मग कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

"तुला वास येत नाही ना," ती म्हणाली. विचारलं नाही तिनं, सांगितलं.

"आईला सांगू नको."

"नाय सांगत. पण इथून पुढं मला विचारत जा. नाहीतर मरशील एखाद दिवशी, मोबाईल बघता बघता."

तेव्हापासून तो विचारायला लागला. दूध नासलंय का, शर्टाला घामाचा वास येतोय का, असलं. ती सांगायची. वर दोन टोमणे द्यायची. मैत्री झाली ती अशी, नासक्या दुधावरून.

मग चोथा आला.

कॉफी निघाली की मशीनच्या दांड्यात चोथा राहतो. डब्याच्या कडेवर आपटला की अख्खी काळी चकती पडते. दिवसाअखेरी बादलीभर जमायचा आणि सकाळी घंटागाडीत जायचा. विशाखा एकदा कॅफेत आली होती, तिनं ती बादली बघितली.

"हे फेकता तुम्ही?"

"मग काय चटणी करायची त्याची?"

"खत करायचं, येड्या."

कॅफेचा मालक अमेय. बंगळूरला नोकरी करून परत आलेला, बोलायला मऊ. त्याला असल्या कल्पना लई आवडतात. त्यानं गच्चीची चावी दिली. विशाखानं निळा ड्रम आणला, त्याला तापल्या सळईनं भोकं पाडली. खाली वाळलेली पानं, वर चोथा, परत पानं, परत चोथा, मधे थोडं शेण, थोडं आंबट ताक. चोथा एकटा ठेवला तर दाबून बसतो, हवा जात नाही, म्हणून पानं. हे तिनं अभयला इतक्यांदा सांगितलं की तो तिच्यासारखा आवाज काढून म्हणून दाखवायचा.

सकाळी कॅफे उघडायच्या आधी दोघं गच्चीवर. तो फावड्यानं खालवर करायचा, ती ड्रममधे नाक घालायची.

"चांगलाय," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"चांगला म्हणजे?"

"चांगला म्हणजे चांगला."

"असं नको सांगू. कशासारखा ते सांग."

तिनं परत वास घेतला. विचार केला. "भिजवलेल्या हरभऱ्यासारखा. रात्रभर भिजवून सकाळी पाणी काढतो ना, तसा."

अभयच्या हातातलं फावडं थांबलं. कारण त्याला तो वास आला. म्हणजे आला नाही, आठवला. आईचं पितळी पातेलं, त्यातलं फेसाळलेलं पाणी, आणि तो वास. चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आत शिरल्यासारखं झालं.

मग तो नेमच पडला. ती चांगला-वाईट म्हणायची नाही. आज ओल्या गोणपाटासारखा. आज ज्वारीच्या कणगीत डोकं घातल्यासारखा. आज हुरड्याच्या आगटीतल्या राखेसारखा, पण दुसऱ्या दिवशीच्या. आज मोंढ्यात गुळाच्या ढेपांपाशी उभं राहिल्यासारखा. एकदा म्हणाली, "आज शाळेच्या दप्तरासारखा, शेंगदाण्याचा लाडू विसरलेल्या." त्या दिवशी अभय दिवसभर हसत होता. गिऱ्हाइकांना वाटलं याला काहीतरी लागलंय.

एक गोष्ट मात्र त्यानं तिला कधी विचारली नाही. ती गल्लीत आली ती त्याचं नाक गेल्यावर. आईचा वास त्याला आठवतो, खोबरेल तेलाचा आणि अगरबत्तीचा. बापाच्या खाकी शर्टाचा आठवतो. विशाखाचा नाही. आठवायला तो आधी आलेला असावा लागतो. ती ड्रमवर वाकायची, वेणी पुढं यायची, आणि अभय हातभर अंतरावर उभा असायचा. सगळ्या जगाचे वास त्याला ती सांगायची. तिचा कुणी सांगावा.

एप्रिलात तिला नोकरी लागली. जळगावला, केळीची रोपं बनवणाऱ्या एका लॅबमधे. पगार बरा, राहायला होस्टेल. जायच्या आदल्या दिवशी ती गच्चीवर आली आणि मास्तरणीसारखी बोट वर करून सांगायला लागली.

"काळा रंग बघून फसू नको. बाकी खत काळं झालं की झालं म्हणतात. हा चोथा पहिल्या दिवसापासनं काळाय. याचा रंग काय सांगत नाही. हात आत घालून बघ. गरम असेल तर काम चालूय. गार झालं की मुरलं. आणि शेवटी वास. मातीसारखा वास आला की तयार. ते नाकच सांगतं."

मग तिचं बोट खाली आलं.

"कुणाला तरी वास घ्यायला लाव," ती म्हणाली. "आईला आण. अमेयदादाला सांग. काय होतंय सांगितलं तर?"

"सांगतो."

"नाय सांगणार तू. मला माहिताय."

"सांगतो म्हटलं ना."

नाही सांगितलं.

संध्याकाळी तिचा फोन यायचा. ड्यूटी सुटली की होस्टेलला चालत जाताना. पहिलाच प्रश्न, "आज कशासारखा?"

पहिल्या दिवशी अभय अडखळला. कुणाला वास घ्यायला लावला नाही असं सांगितलं तर ती रागावणार. म्हणून म्हणाला, "भिजवलेल्या हरभऱ्यासारखा."

पलीकडून ती हळू म्हणाली, "अजून सांग."

त्यानं अजून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कणगी सांगितली. तिसऱ्या दिवशी गोणपाट. तिचेच जुने वास, तिलाच परत. मग स्वतःचेही बनवायला लागला, जुने आठवून आठवून. शहागंजातल्या अत्तराच्या दुकानाच्या पायरीसारखा. मापात तोललेल्या चहापत्तीसारखा. ती ऐकून घ्यायची. कधी हसायची, कधी नुसता श्वास ऐकू यायचा. अभयला वाटायचं, ही खताची परीक्षा घेतेय. आणि तो रोज पास होतोय.

मेमधे दोन गोष्टी झाल्या. झाडांची पानं संपली. उन्हाळ्यात झाडाखाली जे पडलेलं असतं ते लोकांनी जाळून टाकलेलं. चोथा मात्र रोज बादलीभर. तो नुसता चोथाच टाकत गेला. आणि दुसरं, पाणी.

इथं नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि येतं तो दिवस सणासारखा असतो. लोक कामावर उशिरा येतात आणि कुणी का म्हणून विचारत नाही. त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरली आणि वाहायला लागली. अभय नळ बंद करायला धावला, पण खालचा व्हॉल्व्ह जाम. पाणी गच्चीवरून पन्हाळीकडं चाललं. आता या गावात वाढलेल्या माणसानं ते बघत उभं राहायचं? त्यानं टाकीत सोडलेली नळी काढून तिचं तोंड ड्रममधे सोडलं. चोथ्याला ओल लागतेच, आई म्हणतेच की पाणी वाया घालवलं तर वरचा बघतो. ड्रम काठोकाठ प्याला. खालची भोकं चिकट चोथ्यानं बुजलेली, ती गोष्ट त्याच्या लक्षातच आली नाही. पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा त्यानं मुद्दाम नळी सोडली.

थोड्या दिवसांनी हात आत घातला. गार. चांगलं गारगार.

गार झालं की मुरलं.

काळं तर होतंच.

संध्याकाळी फोन आला. "आज कशासारखा?"

अभय कठड्याला टेकला. खाली उस्मानपुऱ्याचा रस्ता, समोर पाणीपुरीची गाडी, तिच्याभोवती पोरं. हे वाक्य तिला द्यायची त्याला किती दिवसांपासून इच्छा होती.

"मातीसारखा," तो म्हणाला.

त्याला वाटलं फोन कट झाला.

"खरंच?"

"खरंच."

"नीट सांग. कुठली माती?"

"आपल्या पैठण रोडची काळी. नांगरलेली."

"मग झालं," ती म्हणाली. आवाज जरा ओला वाटला त्याला. "झालं की रे अभ्या आपलं."

अमेयदादाला तर निमित्तच पाहिजे होतं. त्यानं रविवार ठरवला. येणाऱ्या प्रत्येकाला मोगऱ्याचं रोप आणि एक पिशवी खत. आदल्या दिवशी अमेय सामानाला गेलेला. अभयनं गच्चीवर एकट्यानं पिशव्या भरल्या, प्लास्टिकचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलं, वरून कापडी पिशवी चढवली. खाली आणून काउंटरवर ओळीनं मांडल्या. दिसायला लई देखण्या.

रविवारी कॅफे भरला. नेहमीचे लोक होते, कालिंदीकाकूही होत्या. काकू शाळेतून रिटायर झालेल्या, रोज सकाळी अभयच्या हातची कॉफी पितात आणि त्याला 'बाळा' म्हणतात. अमेयनं चार शब्द बोलून अभयला पुढं केलं. "हे सगळं या पोरानं केलंय. अभय, दाखव बरं कसं घालायचं ते."

अभयनं कुंडी पुढं घेतली. पिशवी कात्रीनं उघडली. मूठभर खत काढून तळव्यावर धरलं, आणि विशाखा करायची तसं वाकला. नाक वर, डोळे थोडे मिटलेले.

"वास घ्या," तो म्हणाला. "बघा, मातीसारखा."

त्यानं डोळे उघडले तर पुढच्या टेबलावरचा माणूस उठून उभा राहिला होता. कालिंदीकाकूंनी पदर नाकाला लावला होता. एक लहान मुलगी आईच्या मांडीत तोंड खुपसून बसली होती. दाराजवळचे दोघं बाहेर गेले. अभय हात पुढं करून हसत उभा, कारण हसू एकदा चेहऱ्यावर ठेवलं होतं ते कुठं ठेवावं त्याला कळेना.

"बाळा," कालिंदीकाकू पदराआडून म्हणाल्या, "ही माती नाही रे. हे गटार उपसून ठेवल्यासारखं येतंय."

अमेयनं पिशव्या मागच्या दारानं बाहेर नेल्या, सगळ्या खिडक्या उघडल्या, लोकांना थंड कॉफी पाजली. मग अभयला सामानाच्या खोलीत बोलावलं.

"चेष्टा होती का ही?"

"नाही."

"तुला वास आला नाही?"

अभय फळीकडं बघत राहिला.

अमेयनं फळीवरचा एक डबा काढला, झाकण उघडून त्याच्या नाकापुढं धरला. "हा कसा वाटतो?"

सवय होती. अभयचं नाक जरा वर झालं, डोळे मिटले. "मस्त आहे, दादा."

"रिकामा आहे," अमेय म्हणाला.

बाहेर कुणीतरी कप बशीत ठेवला, तो आवाज आत आला.

"माझ्याकडे लागलास तेव्हाही असंच होतं?"

"व्हय."

अमेयनं झाकण लावलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता थकल्यासारखा दिसत होता. "काही दिवस बिलावर बस," तो म्हणाला. "मशीन मी बघतो. मला जरा विचार करू दे."

संध्याकाळी फोन वाजला. अभयनं उचलायच्या आधी शर्टाला हात पुसले, कशाला ते माहीत नाही.

"सांग," विशाखा म्हणाली. "काय म्हणाले लोक?"

त्यानं सांगितलं. पानं संपली ते, टाकीचं पाणी, गटार, रिकामा डबा. सगळं.

"तू मातीसारखा म्हणालास."

"व्हय."

"कुणाला वास घ्यायला लावला होतास?"

"कुणालाच नाही."

"आणि त्याच्या आधीचे? हरभरा, कणगी?"

"ते तुझेच होते. जुने."

फोन कट झाला. त्यानं परत लावला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढंही नाही. संध्याकाळ झाली की अभय बिलाच्या खुर्चीत बसून मोबाईल उलटा ठेवायचा आणि थोड्या वेळानं सुलटा करायचा. मशीनवर अमेय. त्याच्या हातून दूध करपायचं, म्हणजे लोक तोंड वाकडं करायचे त्यावरून अभयला कळायचं.

तिनं उचलला तो एका दुपारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत.

"बोल," ती म्हणाली.

"खत वाचवता येईल का?"

"खतासाठी फोन केलास?"

"नाही."

तिनं जेवणाचा डबा बंद केल्याचा आवाज आला. मग सांगायला लागली, तुटक तुटक. "इथं काय असतं माहिताय का तुला? बाटल्या. काचेच्या. त्यात खळीसारखी जेली, त्यात केळीचं रोप, करंगळीएवढं. माती नाही. मातीला आत येऊच देत नाहीत. हात स्पिरिटनं पुसायचे, टेबल स्पिरिटनं पुसायचं, बूट बाहेर. दिवसभर नाकात स्पिरिट. भाकरीलाही तोच वास येतो मला. होस्टेलच्या अंगणातसुद्धा फरशी आहे रे."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं का? मी संध्याकाळी फोन करायचे ते काय तुझं खत तपासायला करायचे होय? चालता चालता डोळे मिटायचे मी. तू म्हणायचास कणगी, की मी पैठणला आजोळी. तू मातीसारखा म्हणालास त्या दिवशी मी बसस्टॉपवर बसून रडले. आणि तुला तर काही आलंच नव्हतं."

अभय इतके दिवस समजत होता, नाक नाही म्हणून जगाचा वास आपल्यालाच लागत नाही. नाक शाबूत असलेली पोरगी तिकडं त्याच्यासारखीच उपाशी बसली होती, आणि तो तिला रोज रिकामा डबा पुढं करत होता.

"चुकलं," तो म्हणाला.

"खोटं बोललास त्याचा राग नाही," ती म्हणाली. "म्हणजे आहेच. पण त्याच्यापेक्षा, मी एकटीच वास घेत होते त्याचा आहे." मग नाक ओढून म्हणाली, "ड्रम पालथा कर. सगळं गच्चीवर पसर, उन्हात. पानं नसतील तर रसवंतीवाल्याकडनं चिपाडं आण, वाळवून बारीक कर, अर्धंअर्धं मिसळ. भोकं मोकळी कर. आणि आईला घेऊन जा. आजच्या आज."

चंपाबाई गच्चीचे जिने चढून आली ती धापा टाकत. पसरलेल्या चोथ्याच्या दहा हात अलीकडंच थांबली.

"अगं बाई. काय मेलंय हितं?"

"आई, मला वास येत नाही. कोविडपासनं."

आईनं त्याच्याकडं बघितलं. "म्हणून व्हय," ती म्हणाली. "भाजी करपली तरी मुकाट खात होतास. मी म्हणायची, पोरगं लई गुणाचं निघालं." तिनं पदरानं डोळे पुसले, मग तोच पदर नाकाला लावला. "कुठाय फावडं? दे हिकडं."

दोघांनी मिळून चिपाडं मिसळली. आई अधूनमधून येत राहिली. पण तिच्याकडं दोनच शब्द. घाण हाय. बरं हाय. "कशासारखं?" असं अभय विचारायचा आणि ती म्हणायची, "खतासारखं, अजून कशासारखं." बिचारी खरं सांगत होती. तरी रोज जिना उतरताना अभयला काहीतरी वर विसरल्यासारखं वाटायचं.

कॅफेत एक दिवस कालिंदीकाकूंनी कप सरकवला आणि बिलाच्या खुर्चीकडं बोट केलं. "त्या बाळाच्या हातची दे. ही कॉफी घेऊन मला नाक असल्याचा पस्तावा होतोय." अमेय हसला. दुपारी त्यानं अभयला मशीनवर उभं केलं. "नवीन बिया आल्या की वास मी घेणार. बाकी तू बघ," तो म्हणाला. "आणि ते डोळे मिटायचं बंद कर." अभयनं बंद केलं. पहिले काही दिवस चेहऱ्याचं काय करावं ते कळेना.

पोळा झाला. ड्रममधे हात घातला तर गार लागला. मुठीत दाबलं तर गोळा झाला, बोटानं टोचलं तर फुटला. चिपाडाचं एकही धसकट दिसत नव्हतं. अभयनं आईला बोलावलं नाही. स्टीलचा एक डबा धुतला, वाळवला, खालून वरून मिसळून भरला आणि झाकण दाबून बसवलं.

संध्याकाळी फोन आला. ती चालत होती, मागून ट्रकचे आवाज येत होते.

"आज कशासारखा?" तिनं विचारलं. मधे बरेच दिवस तिनं हे विचारलं नव्हतं.

"माहीत नाही."

ती थांबली असावी. पावलांचा आवाज थांबला.

"आई काय म्हणाली?"

"आईला दाखवलं नाही. कुणालाच नाही. डब्यात भरून झाकण लावलंय."

"गार आहे?"

"गार आहे."

"काळं?"

"ते पहिल्या दिवसापासनं."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. "मग आता काय लोणचं घालतोस का त्याचं?"

"रविवारी सुट्टी घेतली. सकाळची सिल्लोडमार्गे जळगाव पकडतो."

"डबा घेऊन? आणि एसटीत वास सुटला म्हणजे? फर्दापूरच्या आधीच उतरवतील तुला."

"मला कुठं कळणार. लोक नाकाला रुमाल लावायला लागले की समजेन."

"आणि इथं उघडला आणि गटार निघालं तर?"

"तर गटार म्हण. पण कशासारखं गटार ते नीट सांग."

तिकडं एक ट्रक गेला, लांबपर्यंत गेला. अभय कठड्याला टेकून उभा होता, डबा मांडीपाशी धरून. त्याला अजून एक गोष्ट विचारायची होती, तिच्या स्वतःच्या वासाबद्दलची, ती त्यानं तशीच ठेवली.

"विशाखा."

"हं."

"इथून पुढं मला न आलेला वास तुला कधी सांगणार नाही. विचारलंस की माहीत नाही म्हणेन, शंभरदा विचारलंस तरी. आणि रविवारी डबा जसाच्या तसा तुझ्या हातात देतो. झाकण तू उघडायचं. पहिला श्वास तुझा."